साखर तपासलीत का?

"पाचच मिनिटं, बाई. इथे आग लागलीय आणि तुम्हाला डबा सुचतोय?" मॅनेजर म्हणाला. टेबलाभोवतीची दोन माणसं हसली. उठू पाहणाऱ्या बाई परत खुर्चीत बसल्या.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं, आणि साडेबाराला जेवायचं हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम होता. पावणेबाराला सुरू झालेली ही बैठक मात्र संपायचं नाव घेत नव्हती.

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणत. सत्तावीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या, आणि सुटलेला अनुस्वार त्यांना डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा खुपे. औषधांच्या खोक्यांत घालायची पत्रकं त्यांच्याकडे असत. आताचं भांडण त्याच पत्रकांवरून होतं. लहान मुलांच्या एका औषधाचं प्रमाण ०.५ मिलीऐवजी ५ मिली छापलं गेलं होतं. औषध कंपनीतल्या कुणाच्या तरी वेळीच लक्षात आलं, म्हणून सगळे गठ्ठे बाजारात जायच्या आत परत आले.

"दहापट डोस," मॅनेजर मालकांकडे बघत म्हणाला. "तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं. दुसरं काय?"

सुटलं नव्हतं. दुसऱ्या मुद्रितावर बाईंनी त्या आकड्याला लाल गोल केला होता आणि कडेला लिहिलं होतं, 'शून्य आणि टिंब राहिलं. दुरुस्तीशिवाय छापू नये.' मॅनेजरनेच घाई करून दुरुस्ती न झालेली जुनी प्लेट मशीनवर चढवली होती. हे सगळं सांगायचं म्हणून बाई सकाळी तयारीनिशी आल्या होत्या.

पण एव्हाना त्यांचे ओठ बधिर झाले होते. मानेवरून घाम ओघळत होता. समोरची माणसं काचेपलीकडे बसल्यासारखी दिसत होती.

"ते मी... लाल केलं होतं," त्या म्हणाल्या. "ते त्याच्यात आहे. त्या हिरव्या... हिरव्या..."

फाइल. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द, पण आता तो कुठे गेला होता कोण जाणे.

"हिरव्या कशात, बाई? साडीत?" मॅनेजर म्हणाला. पुन्हा हसू.

बाईंच्या डोक्यात जाळ झाला. हा राग कुठून आला हे त्यांनाही कळलं नाही. हात थरथरत होता आणि जीभ सैल सुटली होती. "गाढव आहेस तू," त्या म्हणाल्या. "तूच छापलंस. गाढवा."

मालकांनी चष्मा काढला.

शेजारच्या खोलीतून कागद घेऊन आलेल्या बाइंडरकाकांनी बाईंचा चेहरा पाहिला, आणि कुणाला न विचारता दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. त्यांची बायको याच दुखण्याने गेली होती. त्यांनी पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि पेला बाईंच्या ओठांना लावला. बाईंनी पर्समधलं मीटर काढलं, पण पट्टी काही खाचेत जाईना. तीही काकांनीच घातली. आकडा आला बावन्न.

"आता पंधरा मिनिटं थांबा. लगेच काही खाऊ नका," काका म्हणाले.

बाईंना हे काकांपेक्षा जास्त माहीत होतं. पण उतरलेल्या साखरेची भूक ही भूक नसते, तो दरोडा असतो. त्यांनी डबा संपवला, टेबलावरचा बिस्किटांचा पुडा संपवला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक बोटांनी खाल्ला. हात थांब म्हटलं तरी थांबत नव्हता. एरवी याच केकचा तुकडा पुढे आला की चारजण एका सुरात म्हणत, "बाईंना नको हं." अकरा वर्षं बाईंचं ताट सगळ्या गावाचं होतं. ज्याला बाकी कशातलं कळत नाही, त्यालाही बाईंनी काय खावं हे कळे.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मीटरवर तीनशे बारा होते. तहानेने घसा कोरडा पडला होता, डोकं ओल्या पोत्यासारखं जड झालं होतं. मुलाने आकडा पाहिला.

"काय खाल्लंस, आई?"

"बिस्किटं. केक."

"तुला कितीदा सांगायचं? लहान आहेस का तू?"

"दुपारी बावन्न झाली होती. मला जेवायला उठू दिलं नाही त्यांनी. आणि चूक माझ्या माथी मारली. मी खूण केली होती रे त्या आकड्यावर."

"बरं, बरं. तू आत्ता चिडलीयेस. साखर वाढली की तुझं असं होतं. पड जरा. उद्या बोलू."

बाई आडव्या झाल्या. साखर उतरली की चिडते, चढली की चिडते. मग चिडायचं तरी कोणत्या आकड्यावर? रांगेत कुणी घुसलं आणि बाई बोलल्या, की साखर. सुनेने न विचारता त्यांचं कपाट आवरलं आणि बाई बोलल्या, की साखर. त्यांचा राग म्हणजे जणू घरात शिरलेलं दुसऱ्याचं मांजर; त्याचं म्हणणं काय, हे कुणी ऐकून घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर जेवल्या, तासाभराने हिरवी फाइल काखेत घेतली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मॅनेजर तिथेच बसला होता.

"काल जे बोललात ते आम्ही मनावर घेतलेलं नाही, बाई," तो समजूतदारपणे म्हणाला. "तुमची तब्येत... साखर तपासलीत का आज?"

"तुमच्या समोरच तपासते."

बाईंनी पर्स उघडली, सुई लावली, बोट दाबलं. हात स्थिर होता. मीटर टेबलावर मालकांच्या पुढ्यात ठेवलं. एकशे चोवीस.

"नीट बघून घ्या," त्या म्हणाल्या. "काल मी यांना गाढव म्हणाले. तो शब्द चुकीचा होता, त्याची माफी मागते. आता एकशे चोवीसवर बोलते. यांनी माझी खूण पाहिली, खाली सही केली, आणि तरी जुनी प्लेट चढवली. एखाद्या लेकराला दहापट औषध गेलं असतं. वर, मी बोलू शकत नव्हते तेव्हा हे माझ्यावर हसले. मला राग आलाय. हा साखरेचा नाही, माझा आहे."

त्यांनी फाइल उघडली. लाल गोल, कडेची ओळ आणि खाली मॅनेजरची सही.

मालकांनी चष्मा लावून सही जवळून पाहिली. मॅनेजर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

पत्रकं नव्याने छापली गेली, बरोबर आकड्यानिशी. कंपनीला पत्र गेलं, त्यात 'तांत्रिक चूक' असा शब्द होता. मॅनेजर आपल्या खुर्चीत कायम राहिला. तीन आठवड्यांनी मालकांनी बाईंना बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची दिली.

"औषधांचं काम जोखमीचं, बाई. पुन्हा कधी साखर खाली गेली तर? तुम्ही वह्यांच्या विभागात जा. ताण नाही, कटकट नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझी चूक नव्हती, साहेब."

"कोण म्हणतंय चूक होती?" मालक मऊ आवाजात म्हणाले. "हे बघा, तुम्ही लगेच चिडता."

मुलालाही ही बदली पसंत पडली. "सुटलीस," तो म्हणाला.

वह्यांचा विभाग तळमजल्यावर, कागदाच्या रिमांमागे होता. तिथे मुद्रितं तपासायला आजवर कुणी बसलंच नव्हतं. दरवर्षी तीच मुखपृष्ठं छापली जात. बाईंनी टेबल पुसलं, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि समोरचा पहिला कागद ओढला. वहीच्या मलपृष्ठावर पाढे होते. त्या एकेक आकड्यावर बोट ठेवून हलक्या आवाजात वाचू लागल्या. सतराच्या पाढ्यात बोट थांबलं. सतरा आठे एकशे सव्वीस. त्यांनी पुन्हा वाचलं, मग त्या आकड्याला गोल केला आणि कडेला लिहिलं, 'एकशे छत्तीस हवेत. दुरुस्तीशिवाय छापू नये.' खाली सही केली, तारीख घातली, आणि अठराचा पाढा वाचायला घेतला.