एकशे चौदा वेळा आश्चर्य

पंधरा दिवसांत जुविलिनला एकशे चौदा वेळा आश्चर्य वाटलं होतं, आणि तेही अपूर्णांकांचं.

सेफेरिना मॅमनी टॅबलेटवरचा तो अहवाल पुन्हा वरखाली करून पाहिला. फिलिपिन्समधल्या बोहोलजवळच्या या बेटावर त्या सव्वीस वर्षं शिकवत होत्या. अपूर्णांकांपुढे रडलेली मुलं त्यांनी पाहिली होती, पेंगलेली पाहिली होती, एकाला तर चक्क उलटी झाली होती. पण चकित झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. अहवालात मात्र ओळीमागून ओळ तेच लिहिलेलं होतं. ‘समजलं का? उत्तर नाही. चेहरा: आश्चर्य.’

शाळेला असे बारा टॅबलेट मिळाले होते आणि प्रत्येकात एक शिकवणारी बसली होती. मुलं तिला लुनिंगताई म्हणायची. लुनिंगताई बिसाया भाषेत गोड बोलायची, कधी चिडायची नाही, मुलांकडे बघायची, त्यांचं ऐकायची आणि प्रत्येक पायरीनंतर विचारायची, “समजलं का?” उत्तर आलं की पुढे, नाही आलं तर तेच पहिल्यापासून. कुणाला किती येतं हे शेवटी तीच ठरवायची. तिच्या हिशेबानं चौथीतल्या जुविलिनला दुसरीत बसवायला हवं होतं. अशा मुलांची यादी आज चार वाजता वरच्या कचेरीत जाणार होती. मॅमनी सकाळीच सही करून टाकली होती, कारण एवढ्या हुशार यंत्राशी कोण हुज्जत घालणार!

जुविलिनच्या आजोबांनी, लोलो इस्कोंनी, ते ऐकून एवढंच म्हटलं होतं, “धाकट्या भावाच्या बाकावर बसायचं असेल तर नको ती शाळा. माझ्याबरोबर समुद्रात शेवाळाच्या लागवडीच्या दोऱ्या बांधायला येऊ दे.” म्हातारा बोलेल ते करणारा होता. म्हणून तर सही केल्यापासून मॅम तो अहवाल पुन्हा पुन्हा उघडत होत्या.

मागच्याच आठवड्यात त्यांनी जुविलिनला शेजारच्या पोराला गणित समजावताना पाहिलं होतं. भाकरीसारख्या गोल गोष्टी नाहीत, तिनं सरळ दोरीच दुमडून दाखवली होती, अर्धी, पाव, पावाची निम्मी. मग हिला कळत नाही म्हणजे काय?

मॅमनी आधी कॅमेऱ्याची काच आपल्या ब्लाउजच्या टोकानं पुसली. टॅबलेट बदलून पाहिला. शेवटी स्वतःच लुनिंगताईसमोर बसल्या.

“तीन चतुर्थांश म्हणजे चारातले तीन भाग. समजलं का?”

मॅमनी लगेच होकार दिला. “हरकत नाही,” लुनिंगताई म्हणाली, “आपण पुन्हा पाहू.”

“अगं, समजलं म्हटलं ना तुला!” मॅम कडाडल्या. त्याबरोबर लुनिंगताई आनंदानं पुढे सरकली. मॅमना काहीच उलगडेना. पहिल्यांदा हिला ऐकू का आलं नाही?

मधल्या सुट्टीत त्या अंगणात आल्या. कुंपणापाशी विसिंगबाई नेहमीसारखी वाफवलेल्या तांदळाचे पुतो घेऊन बसली होती.

“दोन देऊ, मॅम?”

मॅमच्या डोक्यात यंत्रच घोळत होतं. भानावर आल्या तेव्हा हातात केळीच्या पानावर दोन गरम पुतो होते.

“मी दोन मागितले?”

“मागितले की.”

“कधी? तोंडानं बोलले मी?”

विसिंगबाई खो खो हसली. “तोंडानं कशाला? भुवया उचललीत ना तुम्ही. आता नको असतील तर ठेवा परत, उगाच माझ्यावर आळ नको.”

मॅम पुतो तसेच हातात धरून वर्गाकडे धावत सुटल्या. त्या वयात आणि त्या देहानं त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पोरंही मागे धावली.

जुविलिन एकटीच बाकावर बसली होती. मॅमनी तिच्यासमोर बसकण मारली. “दाय, पोरी, तुला माझं बोलणं कळतंय ना?”

पोरीच्या भुवया टुणकन वर गेल्या आणि खाली आल्या. इथं जन्मलेल्या कुणालाही ऐकू येईल इतकं स्पष्ट ‘हो’ होतं ते. मॅमनी सव्वीस वर्षं ते हजारदा ऐकलं होतं, म्हणून तर त्यांना ते दिसलं नव्हतं. बाकीची कारटी मुळात बडबडी, ती “हो, हो, पुढे चल” म्हणून लुनिंगताईवर ओरडायची. ही वाढली आजोबांच्या होडीत, इंजिनाच्या फटफटाटात. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं चेहऱ्यानंच चालायचं.

“अगं, पण ती एकच धडा तुला पुन्हा पुन्हा शिकवत होती. मला सांगायचं नाहीस?”

जुविलिननं ओठांचा चंबू करून टॅबलेटकडे दाखवलं आणि आवाज खाली आणला, जणू त्याला ऐकू जायला नको. “तिला समजत नाहीये, मॅम. मी हो म्हणते तरी परत विचारते. मला वाटलं, तिलाच अजून नीट येत नाही. म्हणून मी रोज तिच्याबरोबर परत करत होते.”

“एकशे चौदा वेळा?”

“हसलं तर तिला वाईट वाटेल ना.”

मॅमना हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. या पोरीनं यंत्राला जेवढं सांभाळून घेतलं, तेवढं आपण हिला घेतलं नाही. आपले डोळे सांगत होते ते सोडून आपण काचेवर विश्वास ठेवला.

तीन वाजता त्यांनी सेबू शहरातल्या कंपनीतल्या रेनांतेला फोन लावला, चेहरा दिसेल असा. लुनिंगताईला घडवणाऱ्यांपैकी तो एक, तिशीचा, मूळचा बोहोलचाच.

“मॅम, भुवया वर म्हणजे आश्चर्य,” तो समजुतीनं म्हणाला. “लाखो चेहऱ्यांवरून शिकलीय ती.”

“त्यात आपले किती, दोंग, बाळा?”

“ते... बघावं लागेल. पण सबंध जगात आश्चर्य असंच दिसतं.”

“बरं. जेवलास का?”

रेनांतेच्या भुवया वर गेल्या.

“उत्तर नाही,” मॅम म्हणाल्या. “हरकत नाही, आपण पुन्हा पाहू. जेवलास का?”

“अहो मॅम, सांगितलं ना आत्ताच!”

“कशानं सांगितलंस?”

त्यानं फोनच्या कोपऱ्यातला आपला चेहरा पाहिला. मग त्याचा हात हळूच आपल्या कपाळाकडे गेला. “बाप रे,” तो म्हणाला. “माझी आई मला ठार मारेल.”

“आईचं नंतर बघू. चारला यादी जायचीय.”

लुनिंगताईला हे शिकवायला काही आठवडे लागतील, असं त्यानं कबूल केलं. पण तोवर शिक्षकाला एकेक उत्तर दुरुस्त करता येत होतं. कळ कुठे आहे ते त्यानं दाखवलं. मग मॅम आणि जुविलिन शेजारी शेजारी बसल्या. एकशे चौदा वेळा ‘आश्चर्य’ खोडलं आणि एकशे चौदा वेळा ‘हो’ लिहिलं. पुतो केव्हाच थंड झाले होते, ते दोघींनी तसेच खाल्ले. चारला पाच मिनिटं असताना यादीतून एक नाव गेलं. मॅमनी जुन्या सहीचा कागद फाडून टाकला आणि नवी सही करण्याआधी उरलेली सगळी नावं एकेका पोराला समोर बसवून पाहीन, तोवर यादी येणार नाही, असं कचेरीला खडसावून कळवलं.

पावसाळा ओसरता ओसरता नवी लुनिंगताई आली. आवाज तोच, गोडवा तोच. जुविलिन तिच्यासमोर बसली, मॅम तिच्या मागे उभ्या राहिल्या.

“पाच अष्टमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे. समजलं का?”

जुविलिनच्या भुवया वर गेल्या.

“छान!” लुनिंगताई म्हणाली. “चला, पुढे जाऊ.”

जुविलिननं मागे वळून मॅमकडे पाहिलं. आपल्या वर्गातलं सगळ्यात मागं राहिलेलं पोर पास झाल्यावर मॅमचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसा तिचा झाला होता.

“शिकली एकदाची,” ती म्हणाली. “वेळ लागला बिचारीला.”