उलटा बसलेला स्विच

रिमोटवर छोटी विमाने उडवणाऱ्या आमच्या वेड्या मंडळींत मला 'फाईलवाला' म्हणतात. रिमोटवरचा कोणता स्विच काय करील, कोणती स्टिक किती हलली की शेपटी किती वळेल, हे सारे जुळवताना नवखा माणूस रडकुंडीला येतो. मी माझ्या रिमोटमधली तयार मांडणी त्याला पाठवून देतो. त्यात परोपकार किती आणि बोलणे टळावे ही इच्छा किती, हे मी कधी नीट तपासले नाही.

त्या दुपारी मंडळींत नव्याने आलेल्या, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या बाईंना फाईल पाठवली. सोबत लिहिले: स्विच वर असला की मोटर बंद, मग स्टिक हवी तशी हलवून पाहा. 'आत्ताच बघते,' असे त्यांचे उत्तर आले. मी माझा रिमोट पुसायला घेतला आणि बोट स्विचवर थबकले.

तो स्विच मागे तुटला होता. नवा बसवताना उलटा बसला, आणि पुन्हा उघडण्याच्या कंटाळ्याने मी फाईलमध्येच त्याची दिशा फिरवून घेतली होती. माझ्या हातात ती फाईल निर्धोक होती. बाईंच्या सरळ स्विचवर मात्र 'बंद' म्हणजे चालू. त्या निर्धास्तपणे स्टिक पुढे ढकलतील, विमानाच्या नाकावरचा पंखा गरकन फिरेल, आणि त्याच्याजवळ असतील ती बोटे, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद उचलणारी.

संदेश पाठवला, तो पाहिला गेला नाही. फोनवर काय बोलायचे, याची वाक्ये मी खोलीत येरझारा घालत जुळवू लागलो.

"पायाला भिंगरी लागलीय का?" ताईने दारातून विचारले. मी सांगितले.

"मग फोन लाव की. मूग काय गिळून बसलायस?"

"काय म्हणू? माझंच चुकलं म्हणून?"

"नको म्हणूस. बोट तुटलं की त्यांना आपोआप कळेल."

फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मी धावत सुटलो. दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते. वाकून आत शिरलो. भिंतीवरचे प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवत होते, आणि प्रत्येक वेळ मला उशिराचीच वाटली.

मागच्या खोलीत बाईंनी विमान एका हाताने टेबलावर दाबून धरले होते. बोटे पंख्यालगत, दुसऱ्या हाताचा अंगठा स्टिकवर.

"हात काढा!"

तो आवाज माझाच होता, हे मला क्षणभराने कळले. अंगठा उचलला गेला.

"अहो, हळू. काळजात धस्स झालं माझ्या."

मी अडखळत सारे सांगितले. त्यांनी बॅटरी काढली, पंखा सोडवून बाजूला ठेवला, बॅटरी पुन्हा जोडली, स्विच वर आहे हे पाहिले आणि स्टिक ढकलली. बोडकी मोटर किंचाळली. बाईंनी डाव्या हाताची मूठ मिटून घेतली.

"मी फोन केला होता," मी म्हणालो.

"काम करताना तो खणात असतो. पण बोलायचं होतं ते फाईल पाठवायच्या आधी."

त्यांनी फाईल पुसून टाकली आणि एक स्टूल माझ्याकडे सरकवले.

"आता कोऱ्यापासून. तुम्ही सांगा, मी दाबते. आणि पुटपुटू नका."

मी बसलो. निघून जावेसे वाटत होते.

"आधी," मी म्हणालो, "तुमच्या हाताला 'बंद' कुठल्या बाजूला वाटतं?"

बाईंनी डोळे मिटले आणि स्विच वरखाली करून पाहू लागल्या.