सात एक ओळीने

"तीनने नाही. सातनेही नाही," असं पुटपुटत कुमुदिनी पुन्हा उठली आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत जाऊन आली. दारावरचा लाल दिवा तसाच होता.

आत तिचा नवरा श्यामकांत होता. पित्ताशयात खडे झाले होते. तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. ती बदलापूरला कात्रपमधल्या शाळेत गणित शिकवायची. सत्त्याऐंशी साल. दुपारी उल्हासनगरच्या या हॉस्पिटलात त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो हसत म्हणाला होता, "सात एक ओळीने लिही. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. मूळ संख्या आहे का बघ."

"आत्ता हे सुचतंय तुम्हाला?"

"नाहीतर बाहेर बसून नर्सचा जीव खाशील. मी येईस्तोवर उत्तर पाहिजे, बाई."

शाळेतली मुलं म्हणायची तसं तोही तिला लाडात 'बाई' म्हणायचा.

एक्स-रेच्या पाकिटावर तिने भागाकार मांडले. तीन, सात, अकरा, तेरा. दर वेळी बाकी एक. कारण तिच्या लगेच लक्षात आलं. सहा एकांच्या संख्येला या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. तिच्यापुढे शून्य देऊन एक मिळवला की तो एक उरणारच. वर्गात हे सांगताना ती खुलली असती. आज ती बाकी बघवेना. सतराने आठ उरले तेव्हा तिला उगाच बरं वाटलं. सदतीसला पुन्हा एक.

ती परत उठली.

"अरे बैठ ना बेटा, चक्कर आएगा," समोरच्या बाकावरच्या सिंधी बाई म्हणाल्या.

"देवाचं नाव घ्यायचं सोडून आकडे कसले मांडतेस गं?" माईंनी, तिच्या सासूबाईंनी विचारलं.

"ह्यांनीच सांगितलंय, माई."

थोड्या वेळाने माईंचा डोळा लागला आणि त्यांचं डोकं कुमुदिनीच्या खांद्यावर कललं. आता उठायचीही सोय राहिली नाही. पेन तेवढं चालत राहिलं. शंभर मागे पडले, दोनशेही. एक नर्स धावत आत गेली, तिच्यामागून दुसरी.

"सिस्टर, एवढा वेळ का लागतोय?"

"डॉक्टर सांगतील हां."

दोनशे एकोणतीस, नाही. दोनशे तेहेतीस, नाही. दोनशे एकोणचाळीस घेतले आणि खाली शून्य आलं. तिचा विश्वास बसेना. चार हजार सहाशे एकोणपन्नासला दोनशे एकोणचाळीसने गुणून पाहिलं. बरोबर सात एक. मूळ संख्या नव्हतीच ती! कधी एकदा त्याला सांगते असं तिला झालं.

दार उघडलं. डॉक्टर टोपी काढतच बाहेर आले.

"मॅडम, ऑपरेशन नीट झालं होतं. पण नंतर हार्ट... आम्ही खूप प्रयत्न केले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डॉक्टर माईंकडे वळले.

"थांबा," ती हळूच म्हणाली. "काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. थोडं झोपू द्या."

आणि खांदा जराही न हलवता ती बसून राहिली.