दोरसाफचा कान आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. स्फाक्स शहरातल्या तांबटांच्या बाजारात मला ठोकून घडवलं आणि जनात नावाच्या बाईने तिच्या लग्नाच्या वर्षी घरी आणलं. ती माझ्यात जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल कोमट करायची आणि दुखऱ्या कानात दोन थेंब सोडायची. गल्लीतल्या बायका पोरं घेऊन यायच्या. माझं फार कौतुक व्हायचं.

मग जनात वारली. तिच्या नवऱ्याने, अम्मारने, मला खिळ्याला अडकवलं. तो मला रोज पुसायचा, पण चुलीवर ठेवायचा नाही.

यंदा जैतून झोडणीच्या दिवसांत त्याची दीड वर्षाची नात दोरसाफ आजारी पडली. आधी नाक गळलं, मग ताप चढला, मग ती कान ओढून किंचाळू लागली.

"दवाखान्यात नेते, बाबा," सून वसीला म्हणाली.

"नवं तेल घरात आलंय, दवाखाना कशाला? तुझ्या नवऱ्याचे कान कोणी बरे केले?"

"म्हणूनच दहा हाका मारल्या की त्यांना एक ऐकू येते!"

"ते कानामुळे नाही, पोरी. ते नवरा असल्यामुळे."

अम्मारने मला चुलीवर धरलं. तेल कोमट झालं. माझी चोच कानाजवळ आली, तोच दोरसाफ एकदम गप्प झाली.

"बघ! जनातची पळी पाहूनच दुखणं थांबलं," अम्मार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "आता दोन थेंब सोडतो."

मी कलू लागले. तेल काठाशी आलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

वसीलाला उशीवर पिवळा, ओला डाग दिसला.

"थांबा, बाबा! कान वाहतोय!"

तिने त्याचा हात ढकलला. तेल चटईवर सांडलं.

वसीलाने दोरसाफला उचलून दवाखाना गाठला; घाईत मागून आलेल्या अम्मारच्या हातात मी तशीच होते. डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं.

"सर्दीच्या विषाणूने जंतूंना वाट करून दिली आणि आत पू साठला. कानाचा पडदा फुटला, आतला दाब गेला, म्हणून दुखणं थांबून ती गप्प झाली. तेल आत गेलं असतं तर त्रास वाढला असता."

"तिला ऐकू येईल ना?" अम्मारने विचारलं.

"बहुतेक पडदे भरून येतात. औषध द्या, कान कोरडा ठेवा, पुन्हा दाखवायला आणा."

अम्मार खाली बसला. "माझ्या जनातनेही हेच केलं असतं का गं?"

"नाही, बाबा. त्यांनी आधी उशी पाहिली असती."

मित्रांनो, रडणारं मूल अचानक गप्प झालं, की लगेच निश्चिंत होऊ नका. त्याचा कान बघा, डॉक्टरांना दाखवा. माझ्यातलं तेल भाकरीवर घाला.