उजवा रकाना

प्रशिक्षणाचं पत्र शाळेत आलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. विज्ञान शिक्षकांसाठी तीन दिवसांची निवासी कार्यशाळा, विषय काय, तर परिसरातून विज्ञान. वीस वर्षं मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतेय. माझी प्रयोगशाळा, माझी कपाटं, लेबलं लावलेल्या माझ्या बाटल्या. आता या वयात कुणीतरी मला झाडाखाली बसवून मुंगी दाखवणार आणि मी "अय्या, मुंगी!" म्हणायचं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. मी अर्ज भरला, आणि एकटीला कंटाळा येईल म्हणून धाकटीचाही भरला. तिला नंतर सांगितलं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी लहान, दुसऱ्या एका शाळेत विज्ञानच शिकवते. लहानपणी दवाखान्यात इंजेक्शन घेताना ती सुईकडे बघायची नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. माझं तोंड सरळ असलं की तिचंही सरळ. तिच्यापायी मी कितीदा दात आवळून हसरा चेहरा केलाय, ते माझं मला माहीत.

पहिला दिवस बरा गेला असता, पण माझं नाक कापलं गेलं. आमचे प्रशिक्षक डोक्यावरची टोपी जेवतानासुद्धा काढत नसत, म्हणून आम्ही दोघी त्यांना टोपीसर म्हणायचो. त्यांनी आम्हाला आवारात अर्धा तास बसवून जे दिसेल ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "पक्षी घाबरून उडाला." टोपीसरांनी ते चोवीस शिक्षकांसमोर मोठ्याने वाचलं.

"घाबरला, हे तुम्हाला पक्ष्याने सांगितलं का, मॅडम?"

सगळे हसले. धाकटी सगळ्यात मोठ्याने. मला रात्रभर ते हसू डाचत राहिलं. उद्या यांना दाखवतेच निरीक्षण कशाला म्हणतात ते, असं ठरवूनच मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर नेलं. ऊन लख्ख पडलं होतं. ओढा पसरट, मध्ये वाळू-गोट्यांचा एक उंचवटा, त्याच्या दोन्ही बाजूंनी घोट्याएवढं पाणी. टोपीसरांनी प्रत्येकाला चार मीटरची दोरी दिली, चौकट आखायला. गळ्यात अडकवायला प्लास्टिकच्या पाकिटात वही-पेन्सिल दिली.

"पानाचे दोन रकाने करा," ते म्हणाले. "डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. तुमची मुलं बघायच्या आधी उत्तर देतात, आणि तुम्ही मुलांच्याही वरताण आहात. म्हणून आज उजवा रकाना कोरा. एक जागा धरायची, चाळीस मिनिटं बसायचं, तोंडातून शब्द नाही. माझी शिट्टी वाजेपर्यंत कुणी उठणार नाही."

धाकटी दगडांवरून उड्या मारत थेट मधल्या उंचवट्यावर गेली.

"तिथे कशाला?" मी म्हटलं. "पोहता येत नाही तुला."

"ताई, घोटासुद्धा बुडत नाहीये! इथून दोन्ही काठ दिसतात." मग तिने डोळे मिचकावले. "आता गप्प बस हं, नाहीतर टोपीसर पुन्हा वाचून दाखवतील."

मी काठावर तिच्या समोरच बसले. बाकीचे वळणापलीकडे पांगले, टोपीसर त्यांच्या मागोमाग. दहा वाजून पाच मिनिटांनी शिट्टी झाली.

मी काठाशी प्लास्टिकची पट्टी रोवली, शून्य पाण्याच्या रेषेला धरून. असं काही बाकीच्या कुणाला सुचणार नाही, याची मला खात्री होती. दहा बारा: दोन सेंमी. दहा चौदा: पाणी मातकट, आधी तळाचे गोटे दिसत होते, आता दिसत नाहीत. दहा अठरा: सुकी पानं, काटक्या, फेस. पाच सेंमी. दहा एकवीस: आवाज आधीपेक्षा जाड. साडेसात सेंमी.

मला चक्क आनंद झाला होता, हे सांगायला आज माझी जीभ रेटत नाही. इतके सुबक आकडे आयुष्यात कधी हाती लागले नव्हते. याचा आलेख फळ्यावर किती छान दिसेल, असं माझ्या मनात आलं. पाणी का चढतंय हेही मनात आलं. वर डोंगराकडे आभाळ काळं दिसत होतं, तेही मी डावीकडे लिहिलं. उजवीकडे लिहायला पेन्सिल एकदा वळली, आणि मी ती आवरली. आज नाही, म्हटलं. आज कोरा.

धाकटीकडे मी दोन-तीनदा पाहिलं. ती कधी माझ्याकडे बघायची, कधी वहीत. मला वाटलं, चांगली बसलीय.

दहा तीसला मी वाकून पट्टी बघायला गेले, तर पट्टी नव्हती. पाणी माझ्या बुटांना लागलं होतं. मी ते लिहायला घेतलं. "पट्टी दिसत नाही." एवढं लिहून वर पाहिलं. ज्या दगडांवरून धाकटी गेली होती त्यातला एकही दगड दिसत नव्हता. उंचवटा चटईएवढा उरला होता आणि त्यावर माझी बहीण मांडी घालून बसली होती.

"ऊठ!" मी ओरडले. "अगं ऊठ! पाणी!"

तिला ऐकू गेलं नाही. ओढा आता नुसता गर्जत होता. मी हात हलवले, उड्या मारल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

ते बोट मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाण्यात उतरले तर मांडीपर्यंत जाताच पाय उचलले गेले, कशीबशी एका मुळाला धरून मागे आले. पोहता मलाही येत नाही. ती अजून हसत होती. आपली ताई आपली फिरकी घेतेय, असं तिला वाटत होतं, आणि तिला खरं कसं पटवावं हे मला कळेना.

मग मी गळ्यातली वही ओढून काढली आणि भिरकावली पाण्यात. पाकिटासकट.

वहीला साधा कोपरा दुमडला तरी मी लहानपणी तिला धपाटा घालायचे. तिने ती वही वाहत जाताना पाहिली आणि तिचं हसू जागीच विरलं. तिने प्रथमच मागे पाहिलं, मग बाजूला, मग ताडकन उभी राहिली. तिचं तोंड उघडलेलं दिसलं. ती "ताई" म्हणाली, आवाज न येताही मला कळलं.

मी वळणाकडे तोंड करून गळा फाटेस्तोवर ओरडले. पहिल्यांदा आले ते रसायनशास्त्राचे एक दांडगे सर, मग टोपीसर, मग आणखी चौघं. टोपीसरांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"दोऱ्या!" ते म्हणाले. "सगळ्यांच्या दोऱ्या काढा, गाठी मारा!"

सहा दोऱ्या जोडल्या. माझ्या बोटांना गाठ बसेना, रसायनशास्त्राच्या सरांनी माझ्या हातातून दोरी हिसकावून घेतली. टोकाला त्यांनी पाण्याची भरलेली बाटली बांधून फेकली. एकदा पडली अलीकडे, दुसऱ्यांदा वाहून गेली, तिसऱ्यांदा धाकटीने झेलली. तोवर पाणी तिच्या गुडघ्याला होतं. खुणा करकरून आम्ही तिला दोरी काखेतून गुंडाळून बांधायला लावली.

ती उतरली आणि दुसऱ्याच पावलाला बुडाली. नुसती दोरी दिसत होती. आम्ही ओढत होतो आणि दोरीच्या टोकाला माझी बहीण आहे की नाही, मला माहीत नव्हतं. देवाचं नाव मी कधी घेत नाही, तेव्हा किती वेळा घेतलं याची मोजदाद नाही. मग खूप खाली, काठाच्या चिखलाशी, तिचं डोकं वर आलं.

ती खोकली, ओकली, आणि श्वास घेऊ लागली. मी आधी तिला मिठी मारली आणि मग एक थोबाडीत दिली. टोपीसर चिखलात बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणत होते, "मी वर आभाळ बघायला हवं होतं. मी बघायला हवं होतं." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण आभाळ तर मी पाहिलं होतं, वेळेसकट लिहूनही ठेवलं होतं.

दुपारी डॉक्टरांनी तपासून तिला झोपवलं. तिचे ओले कपडे वाळत घालताना तिच्या वहीचं पाकीट हाती लागलं. आत पाणी गेलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून वही उघडली. अक्षर तिचं, नेहमीसारखं घाईचं.

डावीकडे लिहिलं होतं:

१०.१४ पाणी गढूळ.
१०.२१ दोन दगड बुडाले. ताई लिहितेय.
१०.२५ सगळे दगड बुडाले. ताई लिहितेय.
१०.२८ बसलेय ती वाळू ओली झाली. ताई अजून लिहितेय.

उजव्या रकान्यात, सरांनी बजावूनही, तिने एकच ओळ लिहिली होती.

"भीती वाटतेय, पण ताई बसलीय, म्हणजे काही नाही."

वही मिटून मी तिच्या श्वासाकडे बघत राहिले. ती झोपेत दोनदा दचकली. पुढच्या आठवड्यापासून मला वर्ग बाहेर न्यायचा आहे. अडतीस मुलं आहेत, आणि तीही माझ्याच तोंडाकडे बघतात.