तेल प्यालेले ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. कारखान्यातल्या बालपणाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सांगाड्यावर पत्रा चढला, पत्र्यावर रंग बसला, आणि मी बाहेर आलो. पहिल्या मालकाकडे गुळाच्या ढेपा वाहिल्या. मग रत्नागिरीच्या काशीरामने मला घेतले आणि माझ्या अंगाला माशांचा वास लागला, तो कायमचा.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणि बर्फ भरायचा, पालीच्या बाजारात नेऊन उतरवायचा, हे माझे काम. परत आल्यावर काशीराम मला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा. बर्फाचे खारे पाणी लोखंड खाते, हे त्याला ठाऊक होते. त्याची बायको तुळसा दारातून ओरडायची, "अवो, येवढी आंघोळ कदी सवता पन करा!"

एके सकाळी पालीच्या अलीकडे त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून गळून पडला. डाव्या हाताने त्याने मला कडेला घेतले, हँडब्रेक ओढला, आणि

इथे मी बंद पडतो. दर वेळी इथेच.

तीन वर्षे.

घरच्या अंगणात फणसाखाली उभा होतो. माझ्या सीटखाली मांजर दोनदा व्याली. चाकांभोवती गवत आले. समोर, अंगणाच्या पलीकडे, पायरीवर काशीराम बसलेला असायचा. त्याचे उजवे अंग गेले होते आणि बोलणेही गेले होते. येणारेजाणारे तुळसेला विचारायचे, "कसं हाय त्यांचं?" तो तिथेच असायचा, पण त्याला कोणी काही विचारायचे नाही. मला तर नाहीच नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहायचो.

मग मुंबईहून त्यांचा मुलगा ऋत्विक याचा फोन आला. तुळसेने तो स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"आई, गाडी सडतेय नुसती. मी पुढच्या महिन्यात येतो, पहिल्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"आनि ती चालू झाली तर?"

"कोण करणार चालू? तू?"

 पायरीवरच्या काशीरामने मान खाली घातली. ती मान तुळसेने पाहिली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती माझ्यासमोर उभी राहिली, नवऱ्याची पान्यांची पेटी घेऊन.

शिकायचे ते पायरीवरूनच. ती एकेका भागावर बोट ठेवून विचारायची, काशीराम डाव्या हातातली काठी पायरीवर आपटायचा. एक ठोका म्हणजे खोल. दोन म्हणजे हात लावू नको. डिझेलची टाकी धुतली, फिल्टर बदलला, नवी बॅटरी बसवली, नळीतली हवा काढली. क्लच-गिअरही ती असेच शिकली. चुकीचा पाना उचलला की काठी थयथय नाचायची.

"कळलं वो, कळलं! तोंड गेलं पन तोरा गेला नाय तुमचा!"

आणि काशीराम हसायचा. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसायचा. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागायला कोणी येत होते.

शेवटचा शनिवार. गंजलेली चाके फिरेनात, म्हणून शेजारचा बाबल्या मदतीला आला. होड्यांना तेल लावणे हा त्याचा धंदा. चाके काढली, ड्रम उघडले. आत ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे लायनर कोरडे, खरखरीत.

"वयनी, हे तर पार तहानलेले हाईत."

दर्यावरच्या माणसाचा एक धर्म असतो. कोरडे दिसले की तेल पाजायचे. फळी असो, दोर असो, कप्पी असो. बाबल्याने होडीचे माशाचे तेल आणले आणि तुळसेने ते हाताने लायनरला चोळले, प्रेमाने, चारही चाकांना.

पायरीवर दोन ठोके पडले. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

"थांबा वो जरा! उद्या ते लोक येनार, नि तुमचं काय ठोकाठोकी!" तिने वळूनसुद्धा पाहिले नाही.

काशीराम सांगू शकत नव्हता. मी सांगू शकत नव्हतो. दोन मुके आणि एक घाईत.

रविवारी ऋत्विक आणि भंगारवाला फाटकात उभे असताना तिने चावी फिरवली. मी खोकलो. पुन्हा फिरवली. मी धूर ओकला, थरथरलो, आणि चालू झालो! बाबल्याने शिट्टी मारली. तुळसेने मला हळूच पुढे घेतले. आमचे अंगण उताराचे. तिने ब्रेक दाबला, सगळा जोर लावून दाबला, पण मी घसरतच राहिलो. हँडब्रेक ओढला, तोही तसाच. समोर पायरी होती. पायरीवर

बंद पडू देऊ नका मला आता.

पायरीवर काशीराम होता. तुळसेने सगळे अंग टाकून चाक वळवले आणि मला अंगणाभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यावर घातले. डावा दिवा फुटला. बाकी कोणाला काही झाले नाही.

"बस झालं, आई," ऋत्विक पांढराफटक पडला होता. "आज देऊन टाकू."

तुळसा उतरली. मुलाकडे नाही, भंगारवाल्याकडे नाही, सरळ पायरीशी गेली आणि नवऱ्यासमोर खाली बसली.

"काल काय सांगत होता तुमी?"

काशीरामने तिचा तेलकट पंजा धरला आणि लादीवर दाबून ओढला. पंजा सर्रकन घसरला. मग त्याने खांद्यावरच्या पंच्याने तो पंजा पुसला, बोट न् बोट पुसले, आणि पुन्हा ओढला. पंजा अडखळला.

तुळसा हाताकडे बघत राहिली. "होडीला बिरेक नसतो, बाबल्या," ती म्हणाली. मग भंगारवाल्याला म्हणाली, "भाऊ, चाय घ्या नि जावा."

पुढच्या आठवड्यात ड्रम पुसले, नवे लायनर बसले, कोरडे. उतारावर तिने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते.

आता परवाना काढून तुळसा रोज मला घेऊन पालीला जाते. लोक कौतुक करतात. आम्ही फाटकाबाहेर पडतो तेव्हा आरशात पायरी दिसते, तिच्यावर काशीराम, आणि शेजारी टेकवलेली काठी. मी नीट चालतो, त्यामुळे कोणाला काही अडत नाही. अडत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. मी दुरुस्त झालो आणि तो पुन्हा एकटा पडला.

आम्हां गाड्यांना जपा, असे मी सांगायला हवे. धुवा, पुसा, वेळेवर तेल बदला, हे खरेच आहे. पण तुमच्या घरी कोणी असे गप्प बसलेले असेल, तर एखाद्या रविवारी माझ्यासारख्या धडधाकट गाडीचा एक नट मुद्दाम सैल करा. पाना घेऊन त्यांच्यापाशी जा, खाली बसा, आणि विचारा, "हा किती आवळू?"

आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.