दुपारची चालू लाइन

दुपारचं आवरून झालं, की ताई फोन पुठ्ठ्यांच्या चळतीला टेकवून ठेवायची, स्पीकर लावायची आणि गप्प बसायची. पलीकडे धाकटी बहीणही गप्पच. ताई पुस्तकं बांधायची, धाकटी कपडे शिवायची. दोघींच्या घरांमध्ये एक रुंद नदी आणि कितीतरी डोंगर आडवे पडलेले. पण फोनमधून शिलाई मशीन टकटकायला लागलं, की ताईच्या हातातली गुळगुळीत हाडाची पट्टी त्याच तालावर छापील कागदांच्या घड्या घालू लागे. टाका तिकडे, घडी इकडे. मध्येच एक खोकली, तर दुसरी म्हणे, "पाणी पी." झालं बोलणं. कधी ताई स्वतःशीच गुणगुणे,

बहिणीच्या ग टाक्याला माझ्या घडीची साथ
डोंगर ओलांडून टेके हाताला ग हात

दोघींनी सिम एकाच दिवशी, एकाच काउंटरवर घेतली होती. नंबर पाठोपाठचे, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. तेव्हा कंपनीची जोडीची योजना होती, एकमेकींशी हवं तेवढं बोला. ती योजना कधीच बंद पडली, आता तर कुणीही कुणाशी दिवसभर बोलावं. पण ताईच्या मनातली जोडी काही सुटली नव्हती.

मागे एकदा धाकटी चाचरत म्हणाली होती, "ताई, इकडे आपल्या कंपनीची रेंजच येत नाही ग. दुसऱ्या कंपनीत जाऊ का?" म्हणूनच तेव्हा ताईचा पारा चढला होता.

"जा की! आणि जाताना माझा नंबरही पुसून टाक."

धाकटीनं तो विषय पुन्हा काढला नाही. आणि नवल म्हणजे, थोड्याच दिवसांत तिचा आवाज स्वच्छ येऊ लागला. नुसता स्वच्छ नाही, त्यात वारा आला. कबुतरांचं घुमणं आलं. कुठेतरी ओलं कापड फडफडायचं. ताई डोळे अर्धवट मिटून ऐके. तिला वाटे, धाकटीचं मशीन आता खोलीत नाहीच, ते ढगाच्या कडेवर बसलंय आणि आभाळाला काठ शिवतंय. घड्या घालता घालता तीही पाटावरून जराशी वर उचलली जाई, नदीवरून तरंगत जाई, खाली पाण्यावर मशीनची सावली टकटकत जाताना दिसे.

एका दुपारी मशीन थांबलं. धाकटी दोऱ्याचं रीळ आणायला गेली असावी. लाइन चालूच होती. तेवढ्यात एका अनोळखी बाईचा आवाज आला, जवळून, कपडे झटकल्यासारखा.

"मावशी, आजही हे धूड वर आणलंत? रोज गच्चीत! गुडघे बघा तुमचे, भोपळे झालेत."

"हळू ग बाई, लाइन चालू आहे." धाकटी धापा टाकत होती.

"मग कंपनी बदला ना! खाली घरात बसून बोलाल. माझा फोन बघा, मोरीतसुद्धा वाजतो."

"तुझ्या मोरीचं कौतुक राहू दे. मी शब्द मोडला तर माझी ताई बोलायची नाही माझ्याशी."

मशीन पुन्हा सुरू झालं. ताईची पट्टी मात्र कागदावर होती तिथेच राहिली. आभाळाला काठ शिवणारी तिची बहीण जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लोखंडी मशीन टेकवत टेकवत वर चढताना दिसू लागली. चळतीला टेकलेला फोन तिला जड वाटला, मशीनएवढा.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, कंपनी बदलली की नंबर जातो ना?"

तो पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होता. "नाही जात. नंबर आपला, कंपनी आपल्या मर्जीची. घर बदललं म्हणून माणसाचं नाव बदलतं का?"

"पुरुषांचं नाही बदलत. बायकांना विचारा."

तो हसला. "बरं, हरलो. पण नंबर तुम्हा बायकांपेक्षा नशीबवान आहे, तो तसाच राहतो. आणि तुलाही बदलायला नको, तुझी रेंज चांगली आहे. तुझी बहीण तिकडून, तू इकडून. फोनला काही भेदभाव नाही."

दुसऱ्या दिवशी वारा वाजू लागताच ताई बोलली. एवढ्या दुपारांत पहिल्यांदाच तिनं सुरुवात केली.

"छोटे, तुला सोयीची असेल ती कंपनी घे."

टकटक थांबली. "तू रागावली होतीस ना?"

"होते. आता राग उतरला. तूही उतर त्या गच्चीवरून. आणि मशीन उचलू नकोस, त्या मोरीवालीला हाक मार."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पाणी पी," ताई म्हणाली.

मेसेज गेला, कोड आला, दुकानातून नवं सिम मिळालं. पण जुनी कंपनी सोडून नवी लागेपर्यंत धाकटीचा फोन मुका झाला. ती दुपार ताईला खायला उठली. घडी तिरकी पडे, कडा जुळेना. एवढं करून नंबर वाऱ्यावर गेला तर? आपणच जा म्हटलं आणि ती खरंच गेली तर? नवऱ्याला दया आली, त्यानं खळीच्या वाडग्यावर चमच्यानं ताल धरला.

"असं?"

"नको. तुमचा ताल म्हणजे भाडं मागायला आलेला घरमालक."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर तेच नाव होतं, छोटी. खाली तोच नंबर, तिच्या नंबराला खेटून उभा असलेला. ताईनं तो बोटानं पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

आत मशीन टकटकत होतं, अगदी कानाशी. चार भिंतींच्या आतलं, पंख मिटून बसलेलं. बहिणीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, संथ, धाप नसलेला. ताईनं पट्टी उचलली. पहिली घडी सरळ पडली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कबुतरं?"

"ती वरच राहिली. त्यांची कंपनी वेगळी."

ताई हसली, पण पट्टी जरा रेंगाळली. पलीकडे ते कळलं असावं. खुर्ची सरकली, कडी निघाली, आणि फोनमधून थोडासा वारा आत आला.

"खिडकी उघडलीय," धाकटी म्हणाली. "घाल घड्या."